पवनचक्की : नावाची आणि गावाची

चक्की म्हटलं की आमच्याकडं पीठच आठवतं. हॉलंडात पवनचक्क्या खरोखर धान्य दळायच्या. सखल रानातलं पाणीही उपसायच्या; तसल्या १९ चक्क्या किंडरडाइकला अजून उभ्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. आमच्या साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर १९९० नंतर आल्या त्या वीज करणाऱ्या. नाव मात्र चक्कीच राहिलं. म्हाताऱ्या विचारायच्या, "दळण कुठं पडतं रं?"

पुढं दुष्काळ पडला अन् शब्दाचा अर्थच फिरला. ही पाती ढग पळवतात, असं गावोगाव लोक बोलू लागले. तसं नसतं, पाती वाऱ्यातलं थोडं बळ घेतात, एवढंच. पण कवडीमोलानं माळ विकून बसलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? वारा आमच्या माळावरचा, दळण मात्र दुसऱ्याचं.