मोटारीतील स्पीकरच्या जागेची कुळकथा

मोटारीतील स्पीकरची जागा पहिली काही दशके मोकळ्या पत्र्याच्या सोयीने ठरत गेली आणि ऐकणाऱ्याच्या कानाचा हिशेब तीत फार उशिरा शिरला. शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने 1930 साली ‘मोटोरोला’ या नावाने आणलेल्या रेडिओत यंत्र, बॅटऱ्या आणि स्पीकर हे सुटे नग होते व सापडेल त्या जागी ते बसवावे लागत. पुढे स्पीकर डॅशबोर्डच्या मध्यावर, जाळीमागे स्थिरावला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झाले, आणि मध्यमलहरींवरील त्याचे मराठी प्रसारण मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर भागातही पोहोचत राहिले. रेडिओच्या त्या एकस्रोती आवाजाला, म्हणजेच ‘मोनो’ला, एक स्पीकर पुरेसा होता.

गीताचा पट डावी-उजवीकडे पसरवणारी ‘स्टिरिओ’ पद्धत अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी 1931 साली पेटंटासाठी मांडली होती. परंतु फिलिप्सची 1963 ची कॅसेट मोटारीत शिरल्यावर दोन स्पीकरांची गरज सर्वसामान्य झाली, आणि अनेकांनी ते मागच्या काचेखालील फळीवर बसवले. या निवडीला सोयीपलीकडचे सबळ कारण होते. स्पीकरचा पडदा पुढे सरकताना समोरची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो, आणि या दोन लहरी मोकळेपणी भेटल्या तर खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, परस्परांत विरून जातो. अ‍ॅम्बॅसेडरसारख्या गाडीत फळीखालची डिकी मागची लहर अडवत असल्याने खर्ज टिकत असे. मारुती 800 सारख्या गाड्यांत मात्र ही फळी हलकी व उचलता येणारी असल्याने ती लहर फटींतून निसटे, शिवाय जोरदार धडकेत जड स्पीकरांसह फळी पुढे भिरकावली जाण्याचा धोका होता. दाराच्या पोकळीतही लहर फटींतून निसटण्याचा हाच दोष असतो, म्हणून तिथली भोके बुजवून पत्र्याला आतून जाड थर चिकटवण्याची पद्धत पडली. हे काम डोळ्यांना दिसत नाही, तरी महागड्या स्पीकरपेक्षा त्याचा लाभ अनेकदा अधिक असतो.

मागच्या स्पीकरांनी खर्ज दिला, पण गायक पाठीमागे बसवला. त्यांना पुढे आणल्यावर खरी अडचण उघड झाली, कारण भारतातील उजव्या बाजूच्या चालकाला उजवे दार जवळ व डावे दूर असते. हे अंतर अर्ध्या मीटरने कमीअधिक असल्यास डावीकडचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, उशिरा पोहोचतो. आणि आधी पोहोचलेल्या आवाजाच्या दिशेलाच मन उगम मानते, हे हान्स वॉलाक व सहकाऱ्यांनी तसेच हेल्मुट हास यांनी 1949 साली प्रयोगांनी दाखवले होते. त्यामुळे गाणे सगळे उजव्या दारातून आल्यासारखे भासते. स्पीकर पायांजवळ, शक्य तितके पुढे सरकवले की दोन्ही अंतरांतील प्रमाण समतेकडे झुकते. उंच स्वरांचे छोटे ‘ट्वीटर’ काचेलगतच्या खांबावर बसवून विरुद्ध बाजूच्या आसनाकडे वळवले की आवाजाचा पट डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. फार खालच्या स्वरांची दिशा कानाला नीट कळत नसल्याने ‘सबवूफर’ मात्र डिकीतच राहू शकतो.

अलीकडची यंत्रे जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम विलंबाने सोडून चालकापुरते हे अंतर भरून काढतात, परंतु तीच जुळणी डावीकडच्या प्रवाशासाठी बिघाड ठरते. म्हणून पांढुर्ण्याहून नागपूरला सारे कुटुंब घेऊन जाणाऱ्या गाडीत विलंबाच्या बटनापेक्षा पुढची, खालची जागा अधिक न्याय्य ठरते.