आडवी बाटली आणि बुचाचं मळसूत्र

‘आडवी बाटली’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी केलेलं मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी, आणि आपला शिक्का आडवीवर! आज मी दुसऱ्याच आडव्या बाटलीची गोष्ट सांगणार आहे. ती प्या म्हणून नव्हे, तर ती उघडताना आपल्यातल्या एकीला बोलणी खावी लागली म्हणून.

आमच्या गटातल्या एक मावशी नाशिकजवळ एका घरी स्वयंपाकाला जातात. पाहुणे आले आणि वाइनची बाटली उघडायला मावशींच्या हातात दिली. बूच मध्येच तुटलं, चुरा वाइनमध्ये पडला. “एवढंही जमत नाही?” असं चारचौघांत ऐकावं लागलं. बैठकीत म्हणाल्या, “ताई, माझा हातच अडाणी.” मला ते पटेना. मी त्यांना तो कॉर्कस्क्रू विचारून आणायला सांगितला आणि त्याचा इतिहास वाचायला बसले.

बूच म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. पोर्तुगालमध्ये हे बूच सर्वांत जास्त होतं. झाड न तोडता साधारण दर 9 वर्षांनी साल सोलतात. ती दाबली की दबते, सोडली की फुगते. म्हणून बाटलीचं तोंड घट्ट बसतं.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत बाटल्या होऊ लागल्या. तेव्हा बूच अर्धं बाहेर ठेवत आणि हातानंच उपटत. पुढे सरळ अंगाच्या बाटल्या आल्या आणि लोक वाइन आडवी ठेवून मुरवू लागले. आडवी कशाला? वाइन बुचाला लागून राहते, त्यामुळे बूच सुकून आकसत नाही. पण त्यासाठी बूच पूर्ण आत ठोकावं लागे. मग काढायचं कसं?

ही युक्ती बंदुकीवरून आली असं मानतात. नळीत अडकलेली गोळी काढायला सैनिकांकडे पोलादी मळसूत्र असे. 1681 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संग्रहाची यादी छापताना नेहेमाया ग्रू यांनी बुचं काढायच्या पोलादी मळसूत्राची उपमा दिली. उपमा दिली म्हणजे वस्तू तोवर लोकांच्या ओळखीची झाली होती.

पण सगळी ताकद मनगटाची! बाटली गुडघ्यांत धरायची आणि ओढायचं. 1795 मध्ये सॅम्युएल हेन्शॉल या इंग्रज पाद्र्यांनी मळसूत्राच्या वर एक चकती बसवून पेटंट घेतलं. चकती बुचाला टेकली की मळसूत्र आणखी आत जात नाही. मूठ फिरवत राहिलं की बूचच फिरतं आणि काचेपासून सुटतं. 1882 मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकच्या कार्ल वीन्के यांनी त्याला तरफ जोडली. बाटलीच्या काठावर टेकू द्यायचा आणि मूठ उचलायची, आपण पहारीनं दगड उचकटतो तसंच. हॉटेलातल्या वेटरच्या खिशात आजही हाच असतो. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेक्सासमध्ये तेलविहिरींची अवजारं करणाऱ्या हर्बर्ट ॲलन या इंजिनिअरनी लांब मळसूत्राला टेफ्लॉनचा गुळगुळीत लेप दिला. एकाच दिशेनं फिरवत राहा, बूच आपोआप वर येतं.

तीनशे वर्षांत सगळ्यांची खटपट एकच होती, हाताचा जोर वाचवायची.

आता मावशींचा कॉर्कस्क्रू पाहा. त्याचं मळसूत्र मध्ये भरीव होतं, सुताराच्या ड्रिलसारखं. असं मळसूत्र बुचाला धरत नाही, पोखरतं. चांगलं मळसूत्र तारेच्या वेटोळ्यासारखं मधून पोकळ असतं. पारख सोपी आहे. खालून काडेपेटीची काडी आत घालून बघा, सरळ गेली पाहिजे. वेढे पाच तरी असावेत, टोक अणकुचीदार असावं. तरफेला दोन खाचा असल्या तर उत्तम. आधी पहिल्या खाचेवर अर्धं बूच वर घ्यायचं, मग दुसऱ्या खाचेवर उरलेलं. बूच सरळ येतं, मनगट दुखत नाही. नुसती चकचकीत मूठ बघून घेऊ नका.

मावशींनी काडीची ही परीक्षा त्या घरी करून दाखवली. नवा कॉर्कस्क्रू आला. पुढची बाटली मावशींनीच उघडली, बूच अख्खं निघालं.

तर मैत्रिणींनो, काम बिघडलं की आपण चटकन आपल्याच हाताला दोष देतो. आधी हातात दिलेलं अवजार तपासा.