हलणारी बेसलाइन : प्रस्तावना

श्रीरामपूर परिसरात उसामागोमाग मळी आली आणि मळीमागोमाग डिस्टिलरी. टिळकनगरला 1933 मध्ये ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ या नावाने सुरू झालेली कंपनी आज साखरेपेक्षा ब्रँडीसाठी ओळखली जाते. बोरावके महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन अशा डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत शिफ्ट सांभाळायला येणारी मुलं-मुली डोळ्यांसमोर ठेवून हे पुस्तक लिहिले आहे.

स्पिरिटमध्ये मिथेनॉल किती, हे वासावरून कळत नाही. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलने शंभरहून अधिक माणसे गेली. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात पांगरमलला विषारी दारूने बळी घेतले. जेम्स आणि मार्टिन यांनी 1952 मध्ये मांडलेली गॅस क्रोमॅटोग्राफी स्पिरिटमधले घटक वेगळे करून दाखवते. पण पीक मोजायचे ते बेसलाइनपासून, आणि तीच हलत असेल तर छापून आलेल्या आकड्याला अर्थ नाही. मिथेनॉलचे पीक इथेनॉलच्या आधी येते आणि चांगल्या मालात इतके बारीक असते की थरथरत्या रेषेत सहज हरवते. आयसोअमाइल अल्कोहोल उशिरा येते. तोवर ओव्हन तापलेला असतो, कॉलममधला लेप झिरपू लागतो आणि रेष वर चढू लागते.

बेसलाइन बिघडली की पहिला संशय कॉलमवर घेतला जातो. महागडा कॉलम बदलला जातो आणि रेष तशीच हलत राहते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! शोध ज्योतीच्या डिटेक्टरपासून मागे मागे घ्यावा. ओव्हन थंड करून हायड्रोजन बंद करावा, कॉलम सोडवावा आणि डिटेक्टरचे तोंड टोपीने घट्ट बंद करून मगच ज्योत पेटवावी. (ही टोपी विसरलात तर हायड्रोजन ओव्हनमध्ये भरेल, तिथे धिटाई दाखवू नका.) रेष तरीही नाचली तर दोष डिटेक्टरचा किंवा त्याच्या वायूंचा. जेटच्या तोंडाशी सिलिकाची पांढरी पूड दिसते का, ते पाहावे. कॉम्प्रेसरच्या हवेवरची निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर दमट हवा आत शिरते आहे.

डिटेक्टर शांत निघाला तर कॉलम परत जोडून दोन कोऱ्या रन घ्याव्यात : एक ओव्हन पाच मिनिटे थंड ठेवून, दुसरी अर्धा तास. थंड कॉलमच्या तोंडाशी घाण साचत राहते. दुसऱ्या रनमध्ये अनोळखी पीक वाढले, तर ती कॅरियर गॅसमधून किंवा इंजेक्टरमधून येते आहे. सेप्टमचे तुकडे लायनरमध्ये सापडणे ही नेहमीची गोष्ट. पीक तेवढेच राहिले तर मात्र कॉलमकडे वळावे. गळतीतून ऑक्सिजन शिरला की अल्कोहोलसाठी वापरले जाणारे वॅक्स कॉलम लवकर खराब होतात, म्हणून नवा बसवण्याआधी गळती शोधायलाच हवी.

संगणकावर ‘स्मूदिंग’ची कळ दाबली की रेष सरळ दिसते. माझ्या मते, कारण सापडेपर्यंत त्या कळीला हात लावू नये.

पहिले प्रकरण वायू आणि त्यांच्या फिल्टरांवर आहे. ते उघडण्याआधी तुमच्या यंत्रावर एक कोरी रन घ्या, तारीख टाकून तिचा कागद रजिस्टरला चिकटवा आणि पुढची प्रकरणे तो समोर ठेवून वाचा.