नवी स्प्रिंग बसवल्यानंतर : मोटारसायकलच्या पुढील फोर्कची जुळणी

बहुतेक मोटारसायकलींच्या फोर्कमधील मूळ स्प्रिंगा सरासरी वजनाचा चालक गृहीत धरून निवडलेल्या असतात. चालक वजनदार असेल किंवा गाडीवर सहप्रवासी आणि सामान असेल, तर ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाते. त्यावर कडक स्प्रिंग हा योग्य उपाय आहे. मात्र ती बसवल्याने काम संपत नाही, जुळणी तेथून सुरू होते.

पहिले माप ‘सॅग’चे, म्हणजे चालक बसल्यावर फोर्क किती दबतो याचे. पुढचे चाक अधांतरी ठेवून फोर्कच्या उघड्या नळीची लांबी मोजावी. नंतर संपूर्ण पोशाखात चालकाने बसावे, दुसऱ्याने गाडी तोलून धरावी आणि तिसऱ्याने मोजावे. घर्षणामुळे एकच माप फसवे ठरते. म्हणून एकदा फोर्क दाबून हळूच सोडावा, एकदा उचलून हळूच सोडावा आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी. अधांतरी लांबी १४० मिलिमीटर आणि नंतरची मापे १०२ व १०८ असतील, तर सरासरी १०५ आणि सॅग ३५ मिलिमीटर. सुमारे १२० मिलिमीटर हालचालीच्या रस्त्यावरील गाडीला ३० ते ४० मिलिमीटर सॅग सामान्यतः योग्य मानतात.

सॅग कमी-जास्त करण्यासाठी प्रीलोड बदलतात. बाहेरून फिरवण्याची सोय नसल्यास आतील स्पेसरची लांबी बदलावी लागते. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे; बदलते ती केवळ गाडीची उंची. चालकासह सॅग योग्य असूनही गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ दबतच नसेल, तर स्प्रिंग अजूनही मऊ आहे आणि प्रीलोड तिची उणीव झाकत आहे.

यानंतर तेल. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर मोजावे. ते दोन्ही बाजूंना समान हवे. नवी स्प्रिंग जाडीने वेगळी असल्यास तेवढेच तेल निराळ्या पातळीवर उभे राहते. त्यामुळे स्प्रिंग-उत्पादकाने दिलेले माप पाळावे.

कडक स्प्रिंग दबल्यावर अधिक जोराने उसळते. ती उसळी आवरण्यासाठी रिबाउंड डॅम्पिंग वाढवावे लागते. डॅम्पिंग-रॉड पद्धतीच्या साध्या फोर्कमध्ये तशी कळ बहुधा नसते. तेथे अधिक दाट तेल हाच सोपा मार्ग. डॅम्पिंग अति झाले, तर सलग खड्ड्यांत फोर्क पूर्ववत होण्यापूर्वीच पुन्हा दबतो आणि चाकाची पकड सुटते.

चाक बसवताना आसाचा पकड-बोल्ट आवळण्यापूर्वी फोर्क चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे दोन्ही पाय समांतर राहतात. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी आणि पहिली ब्रेक-चाचणी मोकळ्या जागी, कमी वेगात घ्यावी. वळणावर भरवसा टाकायचा तो याच चाकावर.