कळव्याची आमदारकी : २००९ ते २०२४

मंत्र्यांचा आणि मुख्यमंत्र्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ भेटतात. एका मतदारसंघाच्या आमदारकीचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या मते विधानसभेचा खरा कस तेथेच लागतो, म्हणून आज आपल्या शेजारच्या कळव्याकडे वळू.

१ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेली. पुढे खाडीपलीकडच्या आगरी-कोळ्यांच्या या गावात मफतलालचा कारखाना आला, मुकंदचा पोलादाचा कारखाना आला, आणि त्यांच्या आधाराने चाळी उभ्या राहिल्या. मफतलालचा कारखाना बंद पडला, माणसे राहिली. पारसिकच्या डोंगराआड असलेले मुंब्रे १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर झपाट्याने वाढले, कारण जीव मुठीत धरून निघालेल्या अनेक मुसलमान कुटुंबांनी तेथे आसरा घेतला. २००८ च्या पुनर्रचनेने या दोन वस्त्या एका मतदारसंघात बांधल्या. स्वभावाने निराळी अशी ही जोडी किती टिकेल, ही शंका तेव्हा रास्तच होती.

२००९ मध्ये येथून निवडून आले ते राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. जितेंद्र आव्हाड. शरद पवारांच्या तालमीत वाढलेले आणि त्याआधी विधान परिषदेत बसलेले हे गृहस्थ ठाण्याला अपरिचित नव्हते. दहीहंडीच्या थरांमुळे तर घरोघर माहीत! त्या वेळी त्यांचे मताधिक्य सुमारे साडेपंधरा हजार होते. २०१४ मध्ये ते ४७ हजारांवर गेले, २०१९ मध्ये ७५ हजारांवर आणि २०२४ मध्ये ९६ हजारांवर. आता त्यांच्या पक्षाकडे पहा. राज्यात त्याला याच चार निवडणुकांत अनुक्रमे ६२, ४१, ५४ आणि, पक्ष फुटल्यानंतर पवारांच्या गटाला, अवघ्या १० जागा मिळाल्या. पक्षाची ओहोटी आणि आमदाराची भरती, असा हा विलक्षण देखावा आहे.

याचा उलगडा 'मुंब्र्याची एकगठ्ठा मते' या तीन शब्दांत करणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. ते उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. २०२४ ची लढत घ्या. समोर उभे होते नजीब मुल्ला, एके काळचे आव्हाडांचेच सहकारी, अजित पवारांच्या पक्षाचे उमेदवार. पक्षाचे नाव आणि घड्याळ हे चिन्ह निवडणूक आयोगाने त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या पक्षाला दिलेले. आव्हाडांच्या हाती तुतारी वाजविणाऱ्या माणसाचे नवे चिन्ह. धर्म पाहूनच मत पडायचे, तर ते मुल्लांकडे जावयास काय हरकत होती? मतदाराने पंधरा वर्षांची ओळख पाहिली, आणि जुलै २०२३ च्या फुटीत कोण कोठे उभा राहिला हेही पाहिले, असे आम्ही समजतो.

पण मताधिक्य म्हणजे कामाचा दाखला, असे मानण्यास आम्ही तयार नाही. या भागाचे खरे दुखणे घराचे आहे. मुंब्र्याजवळ शिळफाट्यावर ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यानंतर महापालिकेने तोडमोहीम हाती घेताच त्याच महिन्यात ठाणे बंद झाले, आणि त्यात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका बाजूस आले. आमदार करणार काय? इमारत पाडावी तर हजारो संसार रस्त्यावर, राखावी तर पुढच्या कोसळण्याचे पाप माथी. २०१४ मध्ये काही महिने वैद्यकीय शिक्षण खाते सांभाळलेल्या आव्हाडांकडे जानेवारी २०२० मध्ये नेमके गृहनिर्माण खाते आले. वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन त्यांच्याच कारकीर्दीत, १ ऑगस्ट २०२१ रोजी झाले. त्या चाळी सरकारच्या मालकीच्या. तेथे सरकारला हात घालता आला. कळव्या-मुंब्र्याच्या इमारतींत जमीन एकाची, बांधकाम दुसऱ्याचे, पैसे तिसऱ्याचे आणि कागद कोणाचाच नाही. हा गुंता मंत्र्याच्या सहीने सुटण्यासारखा नव्हता, हे खरे. तरी अडीच वर्षांच्या मंत्रिपदात त्याची पहिली गाठ तरी सुटावयास हवी होती, असे आम्हाला वाटते. जून २०२२ मध्ये सरकारच गेले.

२०२४ च्या निवडणुकीनंतर पवारांच्या पक्षाच्या त्या दहा आमदारांनी आपल्या गटाचे विधानसभेतील नेतेपद आव्हाडांकडे दिले.