कलिल-रसायनाची नियतकालिके : नामांतरे आणि संशोधनाची दिशा

एखाद्या शास्त्राचा इतिहास लिहिताना मोठे शोध, ग्रंथ आणि संशोधकांची चरित्रे ही प्रमुख साधने मानली जातात. त्या शास्त्राच्या नियतकालिकांची नावे मात्र सहसा दुर्लक्षित राहतात. वस्तुतः नियतकालिकाचे नाव हा शास्त्राच्या हद्दीविषयीचा निर्णय असतो. कोणता प्रश्न आपला व कोणता परका, याविषयीचे त्या काळच्या संशोधकांचे मत त्यात नोंदलेले असते. कलिल-रसायनाच्या बाबतीत हे विशेष लक्षात येते. या शास्त्राच्या दोन प्रमुख नियतकालिकांनी १९६२ व १९६६ मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांच्या अंतराने, आपली नावे बदलली; आणि तीही दोन भिन्न दिशांनी.

ज्यास मराठीत 'कलिल' म्हणतात त्या पदार्थांना 'कोलॉइड' हे नाव टॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये दिले. ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. मीठ, साखर यांसारखे पदार्थ विद्रावातून चर्मपत्राच्या पडद्यापार सहज जातात, तर सरस, डिंक यांसारखे पदार्थ मागे राहतात, या निरीक्षणावरून त्यांनी पदार्थांचे स्फटिकाभ आणि कलिल असे दोन वर्ग केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही वर्गवारी ढासळली. योग्य परिस्थितीत स्फटिकरूप पदार्थही कलिलरूपात आणता येतो. तेव्हा कलिल हा पदार्थांचा वर्ग नसून द्रव्याची एक अवस्था आहे, असे फॉन वायमार्न व वोल्फगांग ओस्टवाल्ट यांनी प्रतिपादन केले. स्वतंत्र अवस्था म्हटली की तिचे स्वतंत्र शास्त्र आले आणि स्वतंत्र शास्त्र म्हटले की त्याचे स्वतंत्र मुखपत्रही आले.

हे मुखपत्र जर्मनीत १९०६ मध्ये निघाले. त्याच्या मूळ नावात कलिलांचे 'रसायन' आणि 'उद्योग' या दोहोंचा उल्लेख होता. १९०७ पासून ओस्टवाल्ट यांनी त्याचे संपादन केले, आणि १९१३ मध्ये उद्योगाचा उल्लेख गळून 'कोलॉइड-त्साइटश्रिफ्ट' एवढेच नाव राहिले. रबर, रंग, कातडी, माती, दूध, रक्त असे परस्परांशी वरकरणी संबंध नसलेले विषय या एका छत्राखाली आले. झिगमोंडी व झीडेनटोप्फ यांच्या अतिसूक्ष्मदर्शकामुळे पूर्वी न दिसणाऱ्या कणांचे अस्तित्व प्रत्यक्ष प्रकाशबिंदूंच्या रूपाने दिसू लागले होते. रेणू आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारा कण यांच्या मधल्या या प्रदेशास ओस्टवाल्ट यांनी 'उपेक्षित परिमाणांचे जग' म्हटले. त्या उपेक्षेचे निवारण हे या नियतकालिकाचे मोठे कार्य होय.

तथापि हद्द आखली की तिच्यामुळे दृष्टीही मर्यादित होते. रबर, सेल्युलोज व प्रथिने हे लहान रेणूंचे समूह असून ते कोणत्या तरी दुर्बल बलांनी एकत्र राहतात, असे मत कलिल-रसायनज्ञांमध्ये प्रबळ होते. हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये याच्या विरुद्ध विचार मांडला : हे पदार्थ म्हणजे नेहमीच्या रासायनिक बंधांनी जोडलेले प्रचंड लांबीचे रेणू होत. या मतास दीर्घकाळ विरोध झाला. यातील विशेष असा की, निर्णायक पुराव्याचा काही भाग कलिल-रसायनाच्याच साधनांनी पुरविला. थेओडोर स्वेडबेरी यांनी कलिल कणांचे आकारमान मोजण्यासाठी अतिवेगी केंद्रोत्सारक यंत्र विकसित केले होते. त्या यंत्राने हीमोग्लोबिनाचे कण निरनिराळ्या आकारमानांचे समूह नसून निश्चित रेणुभाराचे आहेत, असे दाखवून दिले. श्टाउडिंगर यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९६२ मध्ये जर्मन नियतकालिकाने आपल्या नावास बहुवारिकांची जोड दिली. १९७४ मध्ये त्याचे नाव इंग्रजीत 'कोलॉइड अँड पॉलिमर सायन्स' असे झाले. ज्या कल्पनेस या शास्त्राच्या वर्तुळात विरोध झाला, तीच अखेर त्याच्या मुखपृष्ठावर आली.

अमेरिकेतील मार्ग निराळा होता. लाइपझिगच्या प्रकाशनव्यवसायातून नाझी राजवटीमुळे परागंदा व्हावे लागलेल्या कुर्ट याकोबी व वॉल्टर जॉन्सन यांनी १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथे 'अ‍ॅकॅडेमिक प्रेस' स्थापन केली. तिच्याकडून १९४६ मध्ये 'जर्नल ऑफ कोलॉइड सायन्स' निघू लागले. कोलंबिया विद्यापीठातील व्हिक्टर लामेर हे त्याचे संस्थापक-संपादक. युद्धकाळात त्यांनी धूर व वायुकलिले यांवर काम केले होते. सारख्या आकारमानाचे कण तयार करणे आणि प्रकाशाच्या प्रकीर्णनावरून त्यांचे माप घेणे, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. त्यांच्यानंतर संपादकपद प्रकीर्णनाचे अभ्यासक मिल्टन कर्कर यांच्याकडे गेले. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, नियतकालिकाच्या नावात 'इंटरफेस', म्हणजे आंतरपृष्ठ, हा शब्द दाखल झाला.

या शब्दामागील तर्क एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. द्रव्य तेवढेच, पृष्ठ मात्र दहा लाख पटींनी वाढले. म्हणून कलिलाचे वर्तन मुख्यतः त्याच्या पृष्ठावरच ठरते. डेर्यागिन व लांडाऊ यांनी १९४१ मध्ये आणि फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कण विखुरलेले राहतात की एकत्र येऊन खाली बसतात, हे त्यांच्या पृष्ठांमधील आकर्षण व विद्युत् अपकर्षण यांच्या तुलनेवर अवलंबून असते. जर्मन नियतकालिकाने नावात एका द्रव्यप्रकाराची भर घातली. अमेरिकन नियतकालिकाने घटना जेथे घडते त्या स्थानाची. पहिल्या भरीने क्षेत्र निश्चित झाले. दुसरीने ते जवळजवळ अमर्याद झाले.

या विस्ताराचे दाखले लवकरच मिळाले. १९६८ मध्ये श्ट्योबर, फिंक व बोन यांनी याच नियतकालिकात सिलिकेचे सारख्या आकारमानाचे गोल कण, सुमारे ०.०५ ते २ मायक्रॉनपर्यंत, इच्छेनुसार तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये डेर्यागिन, म्युलर व टोपोरोव्ह यांचा कणांच्या आसंजनाविषयीचा सिद्धांत येथेच प्रसिद्ध झाला. क्षेत्र वाढले तशी स्पर्धाही वाढली. 'कोलॉइड्स अँड सर्फेसेस' १९८० मध्ये व अमेरिकन केमिकल सोसायटीचे 'लँगम्युर' १९८५ मध्ये निघाले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी आलेला संबंधही पृष्ठरसायनाच्याच वाटेने आला. साबणाच्या विद्रावातील रेणुसमूहांची, म्हणजे मायसेलांची, कल्पना मांडणारे जेम्स मॅकबेन हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात तेथे जलाशयांचे बाष्पीभवन रोखण्याच्या दृष्टीने लांब शृंखलांच्या अल्कोहॉलांच्या एकरेणवीय थरांवर संशोधन झाले. लामेर यांनाही हा विषय प्रिय होता. २००४ मध्ये याच प्रयोगशाळेतून कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने चांदी व सोन्याचे नॅनोकण तयार करण्याविषयीचा लेख 'जर्नल ऑफ कोलॉइड अँड इंटरफेस सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. नंतरच्या वनस्पतिजन्य नॅनोकणांवरील लेखनात त्याचा वारंवार आधार घेतला गेला.

श्ट्योबर यांचा लेख आणि पुण्याचा लेख यांत एक साम्य आहे. दोन्ही लेख मुख्यतः कृती सांगणारे आहेत. दुसऱ्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी करून पाहता येणारी कृती सिद्धांतापेक्षा अधिक दूरवर पोचते, असे यावरून दिसते. एकविसाव्या शतकात या नियतकालिकाचा कल याच बाजूस झुकला आहे. उत्प्रेरण व विद्युत्-रसायन, ऊर्जेचे रूपांतर व साठवण, जैवद्रव्ये व नॅनोवैद्यक हे विषय आता त्याच्या घोषित विभागांत आहेत. मूळ कलिल-प्रश्नांना येथे अनेक शेजारी मिळाले आहेत. १९६६ नंतर नाव बदललेले नाही. आतील द्रव्य मात्र बरेच बदलले आहे. म्हणून पुढील काळाच्या इतिहासकारास नावावर विसंबून चालणार नाही, अंकांच्या अनुक्रमणिकाच वाचाव्या लागतील.

या स्थितीत लाभ आहे, तसा धोकाही आहे. बंद हद्दीमुळे महारेणूचे स्वागत उशिरा झाले. खुल्या हद्दीत मूळ प्रश्न हरवण्याचा संभव असतो. नव्या पदार्थाची कार्यक्षमता नोंदवली, परंतु त्याचे कण द्रवात का टिकून राहिले हे विचारलेच नाही, तर तो लेख पदार्थविज्ञानाचा होईल, कलिलविज्ञानाचा नव्हे. फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचा माणकासारखा तांबडा द्रव मिठाने निळा पडताना पाहिला, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. कडुनिंबाच्या काढ्यातील नॅनोकणही बहुधा पानांतील शर्करा किंवा टर्पिनॉइडे पृष्ठास चिकटल्यामुळे स्थिर राहत असावेत, असे त्या लेखाच्या कर्त्यांनी सुचविले आहे. म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तरही पृष्ठावरच शोधावे लागते. १९६६ च्या नामांतराचे खरे समर्थन यात आहे. ते नाव सार्थ ठेवायचे, तर प्रत्येक नव्या पदार्थाला हा जुना प्रश्न विचारला गेला पाहिजे.