मेकॅनिकल घड्याळ रोज थोडं पुढे का जातं?

नवीन मेकॅनिकल घड्याळ घेतलं, फोनच्या वेळेशी सेकंदासकट जुळवलं आणि आठवड्याने पाहिलं तर ते पाऊण मिनिट पुढे! लगेच वाटतं, पीस खराब निघाला. बहुतेक वेळा तसं नसतं. पण कधीकधी हेच पुढे पळणं बिघाडाची खूण असते आणि त्याला तुमचा फोनही कारणीभूत असू शकतो. हा फरक ओळखायचा कसा, ते बघू.

आत काय चालतं?

या घड्याळात सेल नसतो. चावी दिल्यावर (ऑटोमॅटिक असेल तर हात हलल्यावर) मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते आणि सुटताना दातेरी चाकं फिरवते. वेग ठरवतं ते बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर हे छोटं चाक सतत मागे-पुढे झुलत असतं. आजच्या अनेक घड्याळांत ते तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ८. एचएमटीच्या जुन्या 'जनता' घड्याळात सेकंदाला ५ ठोके असायचे.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ १० सेकंद पुढे गेलं तर चूक झाली जेमतेम ०.०१२ टक्के.

पण पुढेच का?

कारण बरेचदा ते मुद्दामच तसं लावलेलं असतं. घड्याळ थोडं पुढे असेल तर तुम्ही स्टेशनवर थोडे आधी पोचाल. मागे पडलं तर गाडी डोळ्यांसमोरून निघून जाईल.

दुसरं कारण गुरुत्वाकर्षण आणि घर्षणाचं. टेबलावर आडवं ठेवलेलं घड्याळ आणि उभं धरलेलं घड्याळ अगदी एकाच वेगाने चालत नाही. उभ्या स्थितीत घर्षण वाढतं आणि अनेक घड्याळं थोडी मंदावतात. दिवसभराच्या हालचालीत सरासरी मागे जाऊ नये म्हणून आधीच थोडी जागा ठेवली जाते.

नियमांतही हा कल दिसतो. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था घड्याळाचं यंत्र १५ दिवस, ५ स्थितींमध्ये आणि ३ तापमानांत तपासते. 'क्रोनोमीटर' ठरायला दिवसाची सरासरी −४ ते +६ सेकंदांत हवी, म्हणजे पुढे जायला जास्त सूट. सेइकोच्या ४आर३६ या लोकप्रिय यंत्राची जाहीर मर्यादा तर +४५ ते −३५ सेकंद आहे.

कधी सावध व्हायचं?

काल-परवापर्यंत नीट चालणारं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर पहिला संशय चुंबकावर घ्या. फोनचा स्पीकर, चुंबकीय चार्जर, इअरबड्सची डबी, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण या सगळ्यांत चुंबक असतो. घड्याळ त्यांना चिकटून राहिलं की हेअरस्प्रिंग चुंबकीय होऊ शकते. मग तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि स्प्रिंगची लांबी जणू कमी होते. आखूड स्प्रिंग म्हणजे जलद झोके, आणि जलद झोके म्हणजे पुढे पळणारं घड्याळ. जोरात आपटल्यावरही वेढे एकमेकांत अडकून असंच होऊ शकतं. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असेल तर तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही.

काय करायचं?

१. रोज एकाच वेळी फोनशी तुलना करून फरक लिहून ठेवा. किमान आठवडाभर करा. एका दिवसावरून काही ठरवू नका.

२. फरक रोज साधारण तेवढाच आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल तर घड्याळ ठीक आहे. रात्री ते वेगवेगळ्या स्थितीत ठेवून पाहा: तबकडी वर, तबकडी खाली किंवा उभं. एखाद्या स्थितीत रात्रभरात ते थोडं मागे येऊन दिवसाची भरपाई होऊ शकते.

३. अचानक मिनिटांचा फरक पडला तर दुरुस्तीवाल्याला आधी चुंबकत्व तपासायला सांगा. डीमॅग्नेटायझरने ते काढणं काही सेकंदांचं काम आहे. त्यासाठी घड्याळ खोलावंही लागत नाही. तेवढ्याने वेळ सुधारली तर पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च वाचतो.

४. झोपताना घड्याळ फोन आणि चार्जरपासून वीतभर तरी लांब ठेवा.